दोन कप्प्यांचा पेनड्राइव्ह

२ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसात ट्रेनिंग झालं. विषय: पेनड्राइव्ह आणि पोर्टेबल डिस्कवरच्या फाइल्स कुलूपबंद कशा कराव्यात. शिकवायला आलेला मुलगा टाय लावून आला होता आणि तो टाय त्याला चांगलाच काचत होता, कारण बोलताना सारखं बोट घालून सैल करत होता. पण पोरगा हुशार. म्हणाला, पेनड्राइव्ह ही वस्तू हरवण्यासाठीच जन्माला येते. टॅक्सीत राहते, पँटबरोबर धुतली जाते. वस्तू गेली तर जाऊ द्या, आतली माहिती परक्याच्या हाती पडता कामा नये. त्यासाठी एन्क्रिप्शन. सॉफ्टवेअर फाइलींचा असा भुगा करून ठेवतं की पासवर्डशिवाय ब्रह्मदेव आला तरी वाचता येणार नाही.

शेवटी म्हणाला, प्रत्येक मजल्यावर एक सुरक्षा-समन्वयक हवा, कोण तयार आहे? नेमका त्याच वेळी मी हात वर केला होता, पंखा कमी करा असं सांगायला. निवड एकमताने झाली. टाळ्या पडल्या. पंपांचे नकाशे आणि माहितीपुस्तिका यांचा विभाग इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून सांभाळला, त्याची कुणीतरी दखल घेतली म्हणायची.

हिला फोन करून सांगितलं. ही लेकीकडे आहे. बाळंतपणाला गेली ती अजून तिथेच. नात आता पालथी पडायला लागली आहे म्हणे. समन्वयक झालो म्हटल्यावर ही म्हणाली, बरं, आणि पंखा केला का त्यांनी कमी?

पंखा राहूनच गेला.

ठराव: आजपासून घरातली एकही फाइल उघडी ठेवायची नाही. या वहीला कुलूप नाही, पण माझं अक्षर दुसऱ्या दिवशी मलाच लागत नाही, तेव्हा ती सुरक्षित धरायला हरकत नसावी.

५ फेब्रुवारी, गुरुवार

हिचा फोन. स्वतःहून. आवाज खुलला होता. घरची ओढ लागली असणार.

काम निघालं कॅसेट्सचं. सासूबाईंना लिहिता येत नसे. आमचं लग्न झालं तेव्हा ना त्यांच्याकडे फोन, ना आमच्याकडे. म्हणून त्या टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलायच्या आणि पत्राऐवजी कॅसेट पोस्टाने पाठवायच्या. ही ऐकायची, हसायची, मधूनच पदर डोळ्यांना लावायची. अशा कॅसेट्सचा बुटांच्या खोक्यात भरलेला साठा कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. तेव्हाच ही म्हणाली होती, आपला टेपरेकॉर्डर फीत चावतो, सगळं कॉम्प्युटरवर घ्या हो लवकर, आईचा आवाज एवढाच उरलाय. कामाच्या गडबडीत राहिलं.

आज म्हणाली, खोका आहे तसा पाठवून द्या. जावई करेल इकडे.

मी म्हटलं, अगं, घरात समन्वयक असताना जावयाला त्रास कशाला? ती म्हणाली, नको, तुम्ही त्यात पडू नका. खोका तेवढा पाठवा. मी तिला परिस्थिती समजावून सांगितली. पोस्टात खोके फुटतात. परकी माणसं ऐकतात. आईचं लेकीशी केलेलं खासगी बोलणं, ते उघड्यावर पाठवायचं? रीतसर फाइली करून, कुलूपबंद करून पाठवतो म्हटलं.

ती गप्प झाली. हिचं गप्प होणं म्हणजे होकार, हे एवढ्या वर्षांच्या संसारात मला पाठ आहे.

घरी कधी येतेस विचारलं. बघू म्हणाली. म्हणजे तारीख पक्की झाली की कळवेल.

८ फेब्रुवारी, रविवार

ऑफिसच्या स्टोअरमधून चांगल्या स्थितीतला कॅसेट प्लेअर सही करून आणला. वायर लावली. एका बाजूने कॅसेट फिरते, दुसऱ्या बाजूने फाइल तयार होते. कॉम्प्युटरच्या पडद्यावर हिरव्या पट्ट्या वरखाली होतात, त्या लाल झाल्या नाहीत म्हणजे काम उत्तम चाललंय. स्पीकर बंद ठेवला, नाहीतर वाचनात लक्ष लागत नाही. शेजारी बसून सॉफ्टवेअरची पुस्तिका वाचून काढली. इंग्रजी अवघड आहे, पण मुद्दा धरला की सुटतो.

आणि सापडलं! हे टायवाल्यानेसुद्धा सांगितलं नव्हतं.

पेनड्राइव्हवर कुलूपबंद डबा करायचा, इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक. पण त्या डब्यात दोन कप्पे करता येतात, वरचा आणि आतला. दोन्हींचे पासवर्ड वेगळे. वरच्या कप्प्यात दिखाऊ कागद ठेवायचे, आतल्यात खरा ऐवज. उद्या कुणी मानेवर सुरी ठेवून पासवर्ड मागितला, तर वरच्याचा द्यायचा. चोर दिखाऊ कागद बघून हात हलवत परत. आतल्या कप्प्याचा त्याला संशयसुद्धा येत नाही, कारण वरचा कप्पा उघडला की आतली जागा चक्क मोकळी दिसते.

काय डोकं आहे! मला हे फार आवडलं. उठून घरभर दोन फेऱ्या मारल्या. सांगायला कुणी नव्हतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

कॅसेट्सचं काम रोज संध्याकाळी चालू. हिरव्या पट्ट्या समाधानकारक.

पासवर्डवर विचार केला. पुस्तिका म्हणते, जवळच्या माणसाला ओळखता येईल असा नसावा. आधी लग्नाची तारीख घ्यावी असं मनात होतं. पण ती हिने सहज ओळखली असती. शिवाय मला ती फोटोच्या मागे बघून घ्यावी लागली.

शेवटी अक्षरं, आकडे आणि खुणा यांची एक लांबलचक माळ तयार केली. दात घासताना पाठ करतो. पासवर्ड विसरून कपाळावर हात मारणाऱ्यांतला मी नव्हे.

१५ फेब्रुवारी, रविवार

मोहीम फत्ते. सासूबाईंच्या सगळ्या फाइली आतल्या कप्प्यात गेल्या. वरच्या कप्प्यात दिखाऊ माल म्हणून पंपांच्या माहितीपुस्तिका आणि माझी जुनी प्रमाणपत्रं. चोराला वाटलं पाहिजे की महत्त्वाचं आहे.

आता पुस्तिकेतलं शेवटचं कलम: मूळ उघड्या प्रती नष्ट कराव्यात, अन्यथा कुलपाला अर्थ राहत नाही. हे माझ्या मनातलंच. अर्धवट काम मला खपत नाही. कॉम्प्युटरवरच्या प्रती नुसत्या डिलीट न करता पुसणाऱ्या प्रोग्रॅमने घासून पुसल्या. मग खोका खाली काढला.

कॅसेटची फीत वाटते त्यापेक्षा फार लांब असते. ओढत राहिलो. खुर्चीच्या पायांना, दाराच्या कडीला, माझ्या चपलेला, सगळीकडे तपकिरी गुंता. शिवणकामाची मोठी कात्री घेऊन तुकडे केले. सासूबाईंना आकडे लिहिता येत नसत, म्हणून कॅसेट्सचा क्रम लागावा यासाठी त्यांनी लेबलांवर चित्रं काढली होती. एकीवर छत्री. एकीवर चष्मा. एकीवर पाळणा, ती लेक झाली तेव्हाची असावी. पाळण्याच्या दोऱ्या फार नीट काढल्या होत्या. जरा थांबलो. पण लेबल हीसुद्धा माहितीच. तीही कापली.

वरच्या फळीवर धूळ बरीच साठली होती. डोळ्यांत गेली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ऑफिसात मजल्यावरचे सगळे पेनड्राइव्ह कुलूपबंद केले. मॅनेजरसाहेबांचाही, दोन कप्प्यांचा. मीटिंगमध्ये त्यांनी चुकून वरचा पासवर्ड टाकला आणि पाहुण्यांसमोर वर्षाच्या विक्रीऐवजी मी घातलेलं दिखाऊ पान आलं: पायऱ्यांवरून सावकाश उतरा, ही सूचना. साहेब तापले. मी त्यांच्या लक्षात आणून दिलं की याचा अर्थ यंत्रणा चालते. त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं. दडपणाखाली माणसं असं बोलतात.

हिने शिवणयंत्र मागवलं आहे. आणि लोकरीचे कपडे. आणि पितळेचा तो छोटा आरसा. टेम्पोवाल्याला पत्तासुद्धा तिनेच दिला, तो येऊन घेऊन गेला. नातीची झबली शिवायची असतील. लेकीकडे यंत्र नाही.

शेजारच्या टेबलावरच्या अकाउंटंटबाईंना सहज सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, अहो, बाईमाणूस शिवणयंत्र आणि आरसा मागवतं तेव्हा झबली शिवायला नाही मागवत. मी म्हटलं, मग कशाला? त्या म्हणाल्या, जाऊ द्या, चहा गार होतोय तुमचा.

अकाउंटवाल्यांना प्रत्येक गोष्टीत तूटच दिसते.

२५ फेब्रुवारी, बुधवार

पेनड्राइव्ह कुरिअरने रवाना. कापसात गुंडाळून, डबीत घालून, डबी पाकिटात घालून. सॉफ्टवेअर कुठून उतरवायचं ते जावयाला फोनवर सांगितलं. वरच्या कप्प्याचा पासवर्डही सांगितला. आतला कप्पा आहे हे मात्र कुणाला बोललो नाही. नियमच आहे तसा. ज्याला माहीत नाही, त्याच्या तोंडून फुटत नाही.

योजना अशी: ही वरचा कप्पा उघडणार. पंप दिसणार. चक्रावणार. मला फोन करणार, अहो, आई कुठाय? मग मी सांगणार, आई सुरक्षित आहे, आत आहे, पण दुसरा पासवर्ड फोनवर देता येत नाही. समोरासमोरच द्यावा लागतो. मग ती येणार.

सुरक्षेच्या दृष्टीने दुसरा मार्गच नाही. मी पुष्कळ विचार केला.

घर लावायला काढलं. पडदे धुतले. आटले. आता खिडकीच्या अर्ध्यावर येतात. उजेड छान येतो.

४ मार्च, बुधवार

पोचला. जावयाचा मेसेज आला: बाबा, उघडला. थँक्यू. पंपांबद्दल बरंच कळलं.

हिचा फोन नाही. कामात असेल. संध्याकाळी फोन सोफ्यावर ठेवून समोर बसलो. आवाज मोठा करून ठेवला. मध्ये एक फोन आला तो मॅट्रेस विकणाऱ्याचा. त्यालाही मी जरा लांबवलं.

८ मार्च, रविवार

आला!

आधी जेवलात का विचारलं. भात आणि अंडं, म्हटलं. पुन्हा? म्हणाली. गिझर दुरुस्त केला का? नाही. मागे नातीचं काहीतरी अगडंबगडं चाललं होतं. मी वाट बघत होतो. आता विचारेल, मग विचारेल.

म्हणाली, मिळालं हो तुमचं ते. मी म्हटलं, मग? उघडलंस? काय काय दिसलं? तर म्हणाली, पंप दिसले. तुमची सर्टिफिकिटं दिसली. मी म्हटलं, आणि? ती म्हणाली, आणि काय? असू दे. तुमच्याकडून व्हायचं तेवढं झालं. मी रागावले नाही.

एवढंच. विचारलंच नाही. मी काहीतरी उलटसुलट पाठवलंय असं ती धरून चालली. म्हणजे मी कॅसेट्सना हातही लावला नसेल, खोका तसाच फळीवर धूळ खात असेल, असंच तिला वाटत असणार.

मग म्हणाली, एक सांगायचं होतं. मी आता इथेच राहीन म्हणते. लेकीच्या गल्लीत एका बाईंचं शिवणाचं दुकान आहे, तिथे दुपारची जाते. बरं वाटतं. तिथे परत येऊन काय करू? तुम्ही घरात असता, पण बोलावं तर भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं.

मी म्हटलं, भिंतींना रंग द्यायचा आहेच. ती हसली. थोडंसंच. मग ठेवते म्हणाली.

भावनेच्या भरात बोलली असेल. बाळंतिणीच्या घरात झोप होत नाही.

त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं: अगं, आई आहे, आत आहे, हा घे पासवर्ड. जिभेच्या टोकावर होतं. ते का गिळलं ते लिहून ठेवतो, कारण इथे कुणी वाचत नाही. तो आवाज माझ्याकडे कुलपात आहे तोवर तिला इथे यायला एक कारण आहे. दिला की माझ्याकडे दुसरं कारण नाही. सगळं घर शोधलं. नाही.

१४ मार्च, शनिवार

नवीन योजना. पेनड्राइव्ह प्रत्यक्ष जाऊन उघडून द्यायचा. अचानक. दारात उभं राहायचं. ती म्हणणार, तुम्ही? मी काही न बोलता कॉम्प्युटरसमोर बसणार, पासवर्ड टाकणार, आणि खोलीत सासूबाई बोलायला लागणार. मग ती रडेल. मग मला म्हणेल, एवढं केलंत माझ्यासाठी आणि बोलला नाहीत?

हा प्रसंग मी आज बऱ्याच वेळा मनात चालवून बघितला. दर वेळी उत्तम होतो.

सुट्टीचा अर्ज लिहिला. महिनाअखेरीला देईन. गिझरवाला, रंगवाला, मग तिकीट, असा क्रम लावला आहे. घाई करून चालत नाही.

जिथे शिवणयंत्र असायचं तिथे फरशीवर त्याच्या पायांचे डाग उरले आहेत. फडक्याने घासले. जात नाहीत. त्यावर स्टूल ठेवलं.

२१ मार्च, शनिवार

कुरिअर आलं! पाकिटावर हिचं अक्षर. आत तीच डबी, तोच कापूस, तोच पेनड्राइव्ह, सोबत एक चिठ्ठी. छोटीचे व्हिडिओ भरून पाठवतेय, तुम्ही तिला पाहिलंच कुठाय अजून. जागा पुष्कळ मोकळी होती म्हणून जावयाने होते तेवढे सगळे टाकले. एकटे असता, बघत बसा. तब्येतीला जपा.

म्हणजे माया आहे! कुठेही गेलेली नाही. मी म्हणतच होतो.

वरचा पासवर्ड टाकला. पंपांच्या शेजारी व्हिडिओंची रांगच रांग. नात पालथी पडते. नात पाय तोंडात घालते. नात चमच्याशी भांडते आणि हरते. एकात ती अशी खदखदून हसते की मला उठून पाणी प्यावं लागलं. हिचा हात दिसतो अधूनमधून. बांगड्या काढलेल्या आहेत, मशीनवर अडकत असतील. एका व्हिडिओत हिचा आवाज येतो: हे बघ, हे आजोबांना पाठवायचंय, नीट हस. मला पाठवायचंय म्हणून नीट हस.

सगळे पाहिले. पुन्हा पाहिले. मग चहा टाकला. आधण येईपर्यंत चिठ्ठी परत हातात घेतली.

जागा पुष्कळ मोकळी होती.

गॅस बंद केला. पुस्तिका काढली. ‘आतला कप्पा’ या प्रकरणाच्या शेवटी, ठळक अक्षरात, चौकटीत एक सूचना आहे; त्या रविवारी मी घरभर फेऱ्या मारायला उठलो म्हणून ती वाचायची राहिली. वरचा कप्पा उघडल्यावर जी जागा मोकळी दिसते ती मोकळी नसते. तिथेच आतला कप्पा असतो. वरच्यात नवीन काही भरलं तर ते आतल्याच्या डोक्यावर लिहिलं जातं. दोन्ही पासवर्ड एकदम दिले तरच सॉफ्टवेअर आतल्याला वाचवतं.

दुसरा पासवर्ड टाकला. एकही अक्षर चुकलं नाही. कप्पा उघडला. आत काही नाही. कॉम्प्युटरने अत्यंत नम्रपणे विचारलं, ही डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करायची का?

नाही म्हटलं. पुन्हा उघडलं. पुन्हा तेच विचारलं.

२३ मार्च, सोमवार

रजा टाकली. बिघडलेल्या डिस्कमधून डेटा काढून देणाऱ्याकडे गेलो. अरुंद जिना, वर एक खोली, टेबलावर उघडी पडलेली यंत्रं. त्याने बराच वेळ खटपट केली, मला बसायला खुर्ची दिली. मी म्हटलं, थोडं जरी निघालं, एखादं वाक्य, तरी चालेल. तो म्हणाला, काका, पुसलेलं असतं तर प्रयत्न केला असता. इथे वरून दुसरं लिहिलं गेलंय. शिवाय एन्क्रिप्शन, अर्धंमुर्धं उरलं तरी त्याचा अर्थ लागत नाही. तुम्ही फारच चांगलं कुलूप लावलं होतं.

मग म्हणाला, मूळ कॅसेट्स असतील ना? घेऊन या की, त्यात काय मोठंसं.

मी म्हटलं, बघतो. जिना उतरलो. पायऱ्यांवरून सावकाश.

घरी आल्यावर उगीच सोफ्याखाली, कपाटामागे हात घालून पाहिलं. कपाटामागे फितीचा एक तुकडा मिळाला, बोटाएवढा. प्लेअर अजून घरीच आहे. पण बोटाएवढ्या तुकड्यातून काय वाजणार? खिशातल्या पाकिटात ठेवला.

२६ मार्च, गुरुवार

ठराव: हिला आज फोन करून सांगायचं.

ऑफिसात फार काम. संध्याकाळी ती दुकानात असते.

२८ मार्च, शनिवार

ठराव कायम. पण तिच्याकडे आज पाहुणे असतील. शनिवार आहे.

दुसरा विचार: सांगायचंच कशाला? तिला कॅसेट्स खोक्यात आहेत असंच वाटतंय. कधीतरी मागेल तेव्हा पोस्टात हरवल्या म्हणता येईल. पोस्टात खोके फुटतात, हे मी तिला आधीच सांगून ठेवलं आहे. यात कुणाचंच नुकसान नाही. ज्याला माहीत नाही त्याला दुःख नाही.

हे लिहिलं आणि फार वाईट वाटलं. का ते नीट कळलं नाही. नातीचा हसण्याचा व्हिडिओ लावला, बरं वाटावं म्हणून. पण आता तो पाहताना दर वेळी वाटतं की ही पोर नेमकी कुठल्या कॅसेटवर बसून हसते आहे. छत्रीच्या का पाळण्याच्या? बंद केला. मग तिचा काय दोष म्हणून पुन्हा लावला.

३१ मार्च, मंगळवार

अकाउंटंटबाईंना सांगितलं. कुणाला तरी सांगणं भाग होतं. वाटलं टोमणा मारतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाल्या, माझी आई गेली तेव्हा मोबाइलमधला तिचा एक मिस्ड कॉल मी अजून काढलेला नाही. तुम्ही आज घरी जा आणि फोन करा. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर ती तुमचं तोंड बघणार नाही.

समन्वयकपद आजपासून काढून घेतलं आहे. नोटीस लागली. पायऱ्यांचं प्रकरण. मला त्याचं काही वाटलं नाही, हे एक नवीनच.

फोन उद्या.

५ एप्रिल, रविवार

केला.

मनात भाषण तयार होतं. पहिली बाजू सुरक्षेची, मग पुस्तिकेची छपाई, मग जावयाची घाई. फोन तिने उचलला आणि म्हणाली, अहो, पाहिलीत का छोटी? कशी हसते ना? मग भाषणातलं काहीच आठवलं नाही. सगळं सरळ सांगितलं. आत कप्पा होता. आई आत होत्या. व्हिडिओ त्यांच्यावर गेले. तू विचारशील, मग तू येशील, म्हणून मी बोललो नाही.

मी लगेच म्हटलं, तुझी चूक नाही यात, तुला माहीतच नव्हतं. ती म्हणाली, म्हणजे मी जेव्हा वैतागून पंप बघत होते तेव्हा आई तिथेच होती? मी हो म्हटलं. तिने विचारलं, आणि कॅसेट्स? मी सांगितलं. कशाने कापल्या तेही विचारलं. तेही सांगितलं. माझी कात्री, म्हणाली. एवढंच.

नात रडायला लागली. लेकीने तिला उचलून नेलेलं ऐकू आलं. दार लागलं. मला वाटलं आता फोन बंद होईल.

मग ती म्हणाली, तुम्ही भरताना ऐकल्या असतील ना हो सगळ्या? थोडं सांगा ना. काय काय म्हणायची? माझ्या आता सगळं लक्षात नाही.

इतक्या वर्षांत हिने मला काहीतरी सांगा म्हणून म्हटल्याचं आठवत नाही. आणि माझ्यापाशी होत्या फक्त हिरव्या पट्ट्या. वर जाणाऱ्या, खाली येणाऱ्या.

हो, ऐकल्या की, म्हटलं. आणि सांगायला लागलो. म्हटलं, सासूबाई म्हणत होत्या, बाळ, कशी आहेस? वेळेवर जेवत जा. थंडीत बाहेर पडू नकोस. बाळ, इकडची काळजी करू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. जावईबापूंना विचारलंय म्हणून सांग. तुझी फार आठवण येते, बाळ. बोलत गेलो तसं मला जमायला लागलं. आवाज थोडा बारीक केला. मध्ये तर खरंच त्या बोलत असाव्यात असं वाटलं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग हळू म्हणाली, आई मला कधी बाळ म्हणाली नाही हो.

रागाने नाही म्हणाली. आणि फोन ठेवला.

काय म्हणायच्या, मला माहीत नाही.